पिनियनचा नट ‘पूर्ण ताकदीने’ आवळू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक सदरात गेल्या रविवारी एका वाचकाचा प्रश्न प्रसिद्ध झाला होता. मागच्या चाकांवर चालणाऱ्या त्यांच्या गाडीच्या डिफरन्शिअलमधून (मागच्या दोन चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरपेटीतून), प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट जिथे फ्लँजला, म्हणजे भोके असलेल्या गोल तबकडीला, बोल्टने जोडलेला असतो तिथून तेल गळते, तर काय करावे, असे त्यांनी विचारले होते. सदरलेखकांच्या उत्तराचा आशय असा होता की, पिनियनचे, म्हणजे आतल्या लहान गिअरच्या दांड्याचे, ऑइल सील (तेल अडवणारी कडी) बदलून घ्यावे आणि मधला मोठा नट पुन्हा पूर्ण ताकदीने आवळून टाकावा, म्हणजे तेलही गळणार नाही आणि पिनियनही हलणार नाही. सील बदलण्याचा सल्ला बरोबर आहे. नटाविषयीचा सल्ला मात्र असा आहे की, तो तंतोतंत पाळला गेला तर काही शे रुपयांत आटोपणारे काम बेअरिंग, क्राउन आणि पिनियन बदलण्यापर्यंत जाऊ शकते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा निदेशक म्हणून मी सत्तावीस वर्षे काम केले आणि त्याआधी कराडच्या एका गॅरेजात सहा वर्षे हात काळे केले. त्या अधिकाराने नव्हे, पण त्या काळात स्वतः केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुकांच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

तो नट नेमके काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे. गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो आणि चाकांचे ॲक्सल रुंदीच्या दिशेने. मधले काटकोनातले वळण क्राउन आणि टेल पिनियन या जोडीने घेतले जाते. क्राउन म्हणजे मोठा, कड्यासारखा गिअर आणि पिनियन म्हणजे दांडा असलेला लहान गिअर. हा दांडा हाऊसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, नाकाडात दोन टेपर रोलर बेअरिंगांवर तोललेला असतो, त्यांपैकी मोठे बेअरिंग पिनियनच्या डोक्यालगत आणि लहान बेअरिंग फ्लँजच्या बाजूला असते. टेपर म्हणजे निमुळत्या रोलरांचे हे बेअरिंग मूळचे घोडागाड्यांसाठी होते. हेन्री टिमकेन या अमेरिकी घोडागाडी कारखानदाराने त्याचे पेटंट १८९८ साली घेतले. या बेअरिंगची खुबी अशी की ते आडवा भारही सोसते आणि दांड्याच्या दिशेने येणारा रेटाही सोसते, पण हा रेटा ते एकाच बाजूने झेलू शकते. म्हणूनच पिनियनवर अशी दोन बेअरिंगे एकमेकांच्या विरुद्ध तोंडाने बसवावी लागतात. शेवटचा नट आवळला की फ्लँज आत सरकतो, तो बाहेरच्या बेअरिंगचा कोन (दांड्यावरची आतली कडी) आत ढकलतो आणि दोन्ही कोन आपापल्या कपात (हाऊसिंगमधल्या बाहेरच्या कडीत) दाबले जातात. गाडीचा भार येण्याआधीच बेअरिंगला दिलेला हा दाब म्हणजे प्रीलोड.

हा दाब मुळात द्यायचाच का, असा प्रश्न माझे विद्यार्थी दरवर्षी विचारत. बेअरिंग मोकळे फिरले तर चांगलेच नाही का? त्यांना मी बाजेचे उदाहरण देत असे. दावण सैल असलेल्या बाजेवर माणूस बसला की तो खाली झोळतो आणि कूस बदलली की पुन्हा वेगळीकडे झोळतो. दावण आधीच ताणून घेतलेली असली की माणूस बसल्यावर ती दबते जेमतेम बोटभर. पिनियनचेही तसेच आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की क्राउनचे तिरके दाते पिनियनला फ्लँजच्या दिशेने बाहेर रेटतात आणि उतारावर पाय काढला की तेच दाते त्याला आत ओढतात. बेअरिंगमध्ये केसभर जरी फट असली तरी पायाच्या प्रत्येक बदलासरशी पिनियन पुढेमागे सरकतो. दात्यांचा स्पर्श दात्याच्या मध्यावरून कडेला जातो, गाडी विशिष्ट वेगाला हुंकार देऊ लागते आणि पुढे दात्याची कड उडते. आधीच दाब दिलेला असला की रोलर किंचित दबलेल्या अवस्थेत असतात आणि रेटा आला तरी फट पडत नाही.

दाब जास्त झाला तर त्याचे दुखणे वेगळे असते. रोलर आणि रेस (रोलर ज्यावर फिरतात तो कोन-कपाचा पृष्ठभाग) यांच्यामधली तेलाची फिल्म टिकत नाही, बेअरिंग तापते, तापल्यामुळे फुगते, फुगल्यामुळे आणखी घट्ट होते आणि आणखी तापते. असे बेअरिंग उघडले की रोलरवर निळसर झाक दिसते, रेसवरचे पोलाद खवल्यांसारखे सुटलेले असते आणि तेलाला करपल्याचा वास येतो. ढिलेपणा निदान आवाज करून बरेच दिवस सूचना देतो. अतिघट्टपणा कधीकधी पहिल्याच लांबच्या प्रवासात निकाल लावतो.

आता आकड्यांकडे येतो, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून जुळणी होऊ लागलेल्या विलिस घराण्याच्या जीपचे उदाहरण घेतो. ही गाडी पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपच्या, रूपाने घराघरात माहीत झाली. तिच्या सीजे-३बी या मॉडेलच्या मागच्या बाजूला डाना ४४ जातीचा ॲक्सल असे, त्याच्या क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असत, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन साधारण ५.३८ फेरे घेई. या जातीच्या ॲक्सलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पिनियनच्या नटासाठी २०० ते २२० फूट-पौंड टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिलेला आहे. मेट्रिकमध्ये सांगायचे तर तो सुमारे २७१ ते २९८ न्यूटन-मीटर होतो. त्याच पुस्तिकेत पिनियनच्या प्रीलोडसाठी नव्या बेअरिंगला २० ते ४० इंच-पौंड आणि वापरलेल्या बेअरिंगला १० ते २० इंच-पौंड, असा दुसरा आकडा दिलेला आहे. हा दुसरा आकडा नट आवळण्याचा नाही. नट आवळून झाल्यावर पिनियन हाताने सलग फिरवत ठेवण्यासाठी किती जोर लागतो, त्याचा हा आकडा आहे. एक फूट-पौंड म्हणजे बारा इंच-पौंड, हे लक्षात घेतले तर नव्या बेअरिंगच्या बाबतीतही नटाचा टॉर्क फिरण्याच्या जोराच्या साधारण साठ ते एकशेतीस पट असतो. शंभर पट मोठ्या गोष्टीकडे पाहून तिच्या शंभराव्या भागाएवढ्या गोष्टीचा अंदाज बांधणे म्हणजे धान्याच्या वखारीतील वजनकाट्यावर सोन्याची अंगठी तोलण्यासारखे आहे. ‘नट आवळला, काम झाले’ हे वाक्य नेमके तेच करते.

नव्या बेअरिंगला दाब जास्त आणि जुन्याला निम्मा का, हेही सांगितले पाहिजे, कारण गॅरेजांत सर्रास एकच मोजमाप दोन्हींना लावले जाते. नव्या रोलरांचे आणि रेसचे पृष्ठ कितीही गुळगुळीत दिसले तरी पहिल्या काही शे किलोमीटरांत ते एकमेकांवर घासून बसतात आणि फिरण्याचा जोर आपोआप कमी होतो. ही घट आधीच गृहीत धरून नव्याला जास्त दाब देतात. जुने बेअरिंग बसून झालेले असते, त्यात पुढे फारशी घट होत नाही. जुन्या बेअरिंगला नव्याचा दाब दिला तर तो तसाच राहतो आणि बेअरिंग खातो.

सदरलेखकांच्या उत्तरातला मूळ दोष असा की, गाडी कोणती, हे त्यांनी विचारलेच नाही. नट किती आवळायचा, याचे उत्तर दोन कोनांच्या मध्ये काय बसवले आहे, यावर अवलंबून आहे. जुन्या जीपच्या त्या ॲक्सलमध्ये पिनियनच्या दांड्यावरच्या खांद्यापाशी शिम, म्हणजे मोजक्या जाडीच्या पोलादी चकत्या असतात. तिथे दाब नट ठरवत नाही, शिमची एकूण जाडी ठरवते. शिम काढले की दाब वाढतो, घातले की कमी होतो. जाडीत एका थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक पडला तरी फिरण्याच्या जोरात तो स्पष्ट जाणवतो. अशा गाडीत नट पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत निःशंकपणे आवळावा, कारण तो एका ठाम आधारावर टेकतो. त्या आकड्याला ‘पूर्ण ताकद’ म्हणायचे असेल तर माझा आक्षेप नाही, पण पाच फुटी पाइप घातलेल्या पान्याची ताकद वेगळी.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत मात्र शिमच्या जागी क्रश स्लीव्ह असते. हे पातळ पोलादाचे, मध्यभागी किंचित फुगीर असे नळकांडे असते. नट आवळत गेले की ते आधी अडून बसते. त्याला चेपायलाच अनेकदा अडीचशे फूट-पौंडांच्या पुढे जोर लागतो. मग ते चेपू लागते, कोन जवळ येतात, फट संपते आणि त्या क्षणापासून नटाचा अगदी थोडासा फेरही फिरण्याचा जोर झपाट्याने वाढवतो. शून्यापासून वीस इंच-पौंडांपर्यंत जायला नटाचे मोजके अंश पुरतात आणि तिथून चाळीसच्या पार जायला त्याहूनही कमी. एकदा चेपलेले नळकांडे मूळ लांबीवर परत येत नाही, त्यामुळे दाब जास्त झाला तर नट मागे फिरवून तो कमी करता येत नाही. नट मागे घेतला की कोनांवरची पकड सुटते, स्लीव्हचा ताण जातो आणि कोन दांड्यावर फिरू लागतात. त्यावर उपाय एकच, पिनियन पुन्हा बाहेर काढून नवे स्लीव्ह घालणे. अशा गाडीत ‘पूर्ण ताकदीने आवळून टाका’ हा सल्ला म्हणजे बेअरिंगाची सुपारी देण्यासारखा आहे.

माझ्या मेहुण्यांच्या प्रवासी गाडीबाबत हेच झाले. सील गळत होते. रस्त्यालगतच्या एका गॅरेजात अर्ध्या तासात ते बदलून मिळाले आणि हवेच्या गनने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने, नट घट्ट करून दिला गेला. काम झटपट झाल्याचे मेहुण्यांनी कौतुकाने सांगितले. साधारण दीड हजार किलोमीटरनंतर साठच्या पुढे वेग गेला की मागून घरघर येऊ लागली. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मागची दोन्ही चाके उचलून मी फ्लँज हाताने फिरवून पाहिला, तर तो टप्प्याटप्प्याने अडत होता. उघडल्यावर बाहेरच्या बेअरिंगच्या कपावर रोलरांच्या अंतराने उमटलेले खड्डे आणि खवले निघालेले पट्टे दिसले. गॅरेजवाल्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्याकडे मोजण्याचे साधन नव्हते आणि ‘गनने घट्ट झाला तो खरा घट्ट’ हेच त्याने शिकले होते.

दुसऱ्याची चूक सांगितली तर स्वतःचीही सांगितली पाहिजे. कराडच्या गॅरेजात तिसऱ्या वर्षी मी एका पिनियनचे स्लीव्ह पहिल्यांदा एकट्याने चेपले आणि आकडा ओलांडला. पुन्हा सगळे उघडायचा कंटाळा म्हणून नट पाव फेरा मागे घेतला. फिरवून पाहिले तर जोर अगदी हवा तेवढा लागत होता. मला वाटले, साधले. वस्तादांनी काही न बोलता फ्लँज दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हिसका दिला आणि आतून टक असा आवाज आला. फिरण्याचा जोर बरोबर होता तो नव्या सीलच्या आवळपणामुळे, बेअरिंगच्या दाबामुळे नव्हे. ते स्लीव्ह मी स्वतःच्या पैशाने आणले आणि तेव्हापासून सील बसवण्याच्या आधी मोजल्याशिवाय मी पुढे गेलेलो नाही.

या मोजण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रत्यक्ष कामातली कौशल्याची जागा तीच आहे. मोजमाप करताना क्राउन आणि तो ज्यावर बसतो तो डिफरन्शिअलचा केज हाऊसिंगमध्ये नसावा, म्हणजे फक्त पिनियनच फिरतो. बेअरिंगला आधी गिअर ऑइल लावावे, कोरड्या बेअरिंगचा आकडा खोटा येतो. नट आवळण्याच्या प्रत्येक टप्प्यानंतर पिनियन दोन्ही दिशांना आठ-दहा फेरे फिरवावा, कारण तिरके बसलेले रोलर फिरल्यावरच आपल्या जागी येतात आणि मग जोर बदलतो. फिरणे सुरू करताना लागणारा पहिला झटका धरू नये, सलग फिरत असताना लागणारा जोर धरावा. त्यासाठी काट्याचा किंवा डायलचा इंच-पौंडांत मोजणारा टॉर्क रेंच लागतो. ठरावीक आकड्याला ‘कट’ वाजणारा रेंच या कामाचा नाही, कारण तो आपण लावलेल्या आकड्यापर्यंत पोचलो, एवढेच सांगतो आणि किती जोर लागतो आहे, हे सांगत नाही. त्यातही पंचाहत्तर-शंभर इंच-पौंडांच्या आसपासचा छोटा रेंच हवा. चाकाचे नट आवळायच्या मोठ्या रेंचवर वीस इंच-पौंड म्हणजे काट्याच्या पहिल्या रेघेच्याही आतली गोष्ट असते.

हा रेंच नाही, अशी सबब मी विद्यार्थ्यांना कधी देऊ दिली नाही. बाजारात मिळणारा साधा स्प्रिंगचा काटा आणि हातभर मजबूत दोरी एवढ्यावर काम होते. फ्लँजच्या गोल भागावर दोरी दोन-तीन वेढे गुंडाळावी, मोकळ्या टोकाला काटा अडकवावा आणि सरळ रेषेत, एकसारख्या गतीने ओढावे. काट्यावरचे किलो आणि फ्लँजची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये यांचा गुणाकार केला की किलो-सेंटिमीटरमध्ये जोर मिळतो. त्रिज्या पाच सेंटिमीटर असेल आणि काटा पाच किलो दाखवत असेल तर पंचवीस किलो-सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस इंच-पौंड. वर सांगितलेल्या वीस ते चाळीसच्या पट्ट्यासाठी त्या फ्लँजवर काट्याने साधारण साडेचार ते सव्वानऊ किलो दाखवले पाहिजेत. एवढे गणित सातवीचा मुलगाही करू शकतो. ते न करण्याला मी आळस म्हणतो.

नट आवळताना फ्लँज धरायचा कसा, हेही महत्त्वाचे आहे. सुमारे मीटरभर लांबीच्या जाड पट्टीला दोन भोके पाडून ती फ्लँजच्या बोल्टांवर बसवावी आणि तिचे टोक जमिनीला किंवा चासीला टेकवावे. पाइप पान्याने फ्लँज धरला तर सीलच्या बैठकीवर ओरखडे पडतात आणि नवे सील महिन्याभरात पुन्हा गळते. फ्लँज हातोड्याने ठोकून आत बसवू नये. प्रत्येक ठोक्यासरशी रोलर कपावर खळगे पाडतात आणि नवे बेअरिंग बसवतानाच म्हातारे होते. मेहुण्यांच्या गाडीतले ते खड्डे बहुधा तसेच झाले असावेत.

पूर्ण रीबिल्डमध्ये, म्हणजे सगळे उघडून पुन्हा जुळवताना, प्रीलोडच्या आधी पिनियनची खोली, म्हणजे तो क्राउनच्या दिशेने किती आत बसतो, ते ठरते. डाना जातीत खोलीचे शिम आतल्या बेअरिंगच्या कपामागे असतात. तिथे एक शिम वाढवले की कप क्राउनच्या दिशेने सरकतो, दोन कपांतले अंतर वाढते आणि त्याच क्षणी प्रीलोडही वाढतो. म्हणून खोलीत जितके थाऊ घातले तितकेच प्रीलोडच्या शिममध्येही घालावे लागतात. हे न समजल्यामुळे दोन-दोन दिवस शिम बदलत बसलेले फिटर मी पाहिले आहेत. त्यानंतर क्राउनचा बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) आणि दात्यांवर रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहणे, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

ज्या वाचकाने मूळ प्रश्न विचारला त्यांच्यासाठी सील बदलण्याची योग्य रीत सांगतो. नट सोडण्याआधी मागची दोन्ही चाके आणि ब्रेकचे ड्रम काढावेत, हँडब्रेक मोकळा असल्याची खात्री करावी आणि प्रोपेलर शाफ्ट सोडून फ्लँज फिरवण्यास लागणारा जोर मोजून लिहून ठेवावा. नट, दांडा आणि फ्लँज या तिघांवर एका रेषेत सेंटर पंचने खूण करावी, नटाबाहेर किती आटे दिसतात, ते मोजावे. सील बदलल्यावर, गाडीत स्लीव्ह असेल तर, नट आधी खुणेपर्यंत आणावा आणि मग अगदी थोडा थोडा आवळत, प्रत्येक वेळी फिरवून मोजत, मूळ आकड्याच्या किंचित पुढे, काही पुस्तिकांनुसार तीन ते पाच इंच-पौंडांनी पुढे, थांबावे. नट स्वतः अडकून राहणारा, म्हणजे सेल्फ-लॉकिंग असेल तर तो नवाच वापरावा. पहिलाच आकडा जवळजवळ शून्य आला किंवा फ्लँज हिसका दिल्यावर टक वाजला, तर सीलचा प्रश्न दुय्यम आहे. तेव्हा नट आवळून बेअरिंगचे गेलेले आयुष्य परत आणता येत नाही. झिजलेले बेअरिंग नटाने घट्ट करणे हा आमच्या धंद्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत खर्चिक शॉर्टकट आहे.

घाटात चालणाऱ्या गाड्यांविषयी एक गोष्ट जोडतो. लांब चढावर गाडीचे तोंड वर असते, म्हणजे डिफरन्शिअलचे नाकही वर आणि तेल मागे सरकलेले. फ्लँजजवळच्या लहान बेअरिंगला तेल मिळते ते मुख्यतः क्राउनने उडवलेले आणि हाऊसिंगमधल्या वाटेने पुढे गेलेले. तेलाची पातळी कमी असली किंवा ती वाट गाळाने बुजलेली असली तर कुंभार्ली किंवा आंबेनळीसारख्या घाटात त्याच बेअरिंगला सर्वांत आधी चटका बसतो आणि प्रीलोड आधीच जास्त असेल तर त्याला सवड राहत नाही. म्हणून रीबिल्डच्या वेळी ती वाट तारेने साफ करावी. क्राउन-पिनियन हायपॉइड असेल, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असेल, तर पुस्तिकेने सांगितलेले जीएल-५ दर्जाचे तेलच घालावे. अशा दात्यांवर घसरण फार असते आणि साधे तेल त्यांना पुरत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. डिफरन्शिअल उघडणाऱ्या प्रत्येक गॅरेजने बिलावर, सुट्या भागांच्या यादीखाली, बेअरिंग नवे की जुने आणि फिरण्याचा जोर किती ठेवला, हे एका ओळीत लिहावे, आणि स्लीव्ह असेल तर ते नवे घातले की नाही, याचाही उल्लेख करावा. ही ओळ लिहायची असेल तर मोजावे लागते आणि मोजायचे असेल तर निदान काटा आणि दोरी तरी आणावी लागते. ग्राहकानेही तो आकडा मागावा. पाना किती लांब होता, हे ऐकून समाधान मानू नये. मी शिकवत होतो त्या संस्थेत आमच्या विभागाला इंच-पौंडांचा एकच डायल रेंच होता आणि तो हरवू नये म्हणून कपाटात कुलूपबंद असे. मुले बाहेरून त्याचे चित्र पाहून उत्तीर्ण होत. जिथे आजही तशी स्थिती असेल, तिथल्या निदेशकांना माझी विनंती आहे की, रेंच बाहेर काढावा, तो पडून फुटला तरी चालेल.

आपल्या सदरलेखकांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांची बॅटरी आणि टायरविषयीची उत्तरे मी कापून ठेवतो. तरीही येत्या रविवारच्या अंकात या एका उत्तराची दुरुस्ती छापावी. त्या वाचकाने यादरम्यान नट आवळून घेतलाच असेल, तर त्याने गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये. प्रथम वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांबावे आणि सीलजवळच्या हाऊसिंगला बेताने हात लावून पाहावा. तिथे हात टेकवता येत नसेल, आणि बाकीचे हाऊसिंग मात्र कोमटच असेल, तर गाडी तिथेच उभी करून टो करून आणावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कराड, जि. सातारा